काळी जीभ

पोटातल्या जिवाणूवरच्या गोळ्या सुरू करून चौथा दिवस होता. सकाळी दात घासताना आरशात पाहिलं आणि ब्रश हातातच राहिला. जीभ काळी झाली होती. टोकाला गुलाबी, मध्ये करडी आणि मागे घशाकडे काजळी धरल्यासारखी. ब्रशने घासली, बोटाने घासली, जाईना. आपल्याकडे काळ्या जिभेच्या माणसाचं वाईट बोलणं खरं होतं म्हणतात, तेही क्षणभर मनात येऊन गेलं. पण खरी भीती वाटली ती थोड्या वेळाने, संडासात गेल्यावर. तिथेही सगळं काळं होतं.

काळ्याची ही भीती मला बाबांकडून आलेली आहे. १९८१ साली, मी दहा वर्षांची असताना, एका पहाटे बाबा संडासातून भिंत धरत बाहेर आले. कपाळावर घाम, ओठ पांढरे. आईला म्हणाले, "काळं होतंय. कालपासूनच होतंय." आणि दारातच खाली बसले. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेजारच्या काकांनी त्यांना काखेत हात घालून उचललं ते, आईने घाईत उलटी गुंडाळलेली चादर, आणि घरभर राहिलेला एक वास. डांबरासारखी चिकट, चकचकीत काळी शी आणि तो वास, हे पोटात वरच्या बाजूला रक्त वाहत असल्याचं लक्षण असतं, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं. जठरात किंवा त्याच्या लगत आतड्यात रक्त सांडलं की आम्ल आणि पाचकरस त्याचा लाल रंग ठेवत नाहीत. खाली येईपर्यंत ते काळं झालेलं असतं.

त्यामुळे त्या चौथ्या दिवशी मी थरथरत्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "चिकट आहे का? वास वेगळा येतोय? चक्कर, धडधड?" तिन्हींचं उत्तर नाही असं होतं. "मग ते बिस्मथ आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला. पण फोन केलात हे बरं केलंत, शंका आली की विचारायचंच." औषधातला बिस्मथ हा धातू लाळेतल्या आणि आतड्यातल्या गंधकाशी जुळतो आणि त्याचा काळा क्षार तयार होतो. जिभेवर तोच बसतो, शीही त्यानेच काळी होते. औषध थांबलं की काही दिवसांत जातो. ज्या रंगाने बाबांना ऑपरेशनच्या टेबलावर नेलं, तोच रंग माझ्या बाबतीत औषध पोटात पोचत असल्याची खूण होता.

बाबांच्या पोटाची कहाणी त्या पहाटेच्या खूप आधी सुरू झाली होती. रात्री दोनच्या सुमारास ते उठून बसायचे. छातीच्या पिंजऱ्याखाली, मधोमध, मूठ रुतवून पुढे वाकलेले. दोन घास पोटात गेले की कळ थांबायची आणि काही तासांनी पुन्हा यायची. पोट रिकामं झालं की उठणारी आणि खाल्लं की शमणारी ही कळ ड्युओडेनममधल्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्यातल्या अल्सरची, म्हणजे तिथल्या जखमेची, जुनी ओळख आहे. घरात मात्र तिचं नाव वेगळं होतं. आमच्या घरात त्या दुखण्याला बाबांचा स्वभाव म्हणत.

बाबा तापट होते, खोटं कशाला बोलू. मनात ठेवणारे, चिडले की दिवसभर न बोलणारे. डॉक्टर म्हणायचे, "चिंता सोडा, राग कमी करा." नातेवाईक म्हणायचे, "स्वभावाला औषध नाही." आत्या आईला बाजूला घेऊन सांगायची, "तूच जरा सांभाळून घे गं, त्याच्या जिवाला त्रास होईल असं काही बोलू नकोस." आई सांभाळून घ्यायची. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की ती आम्हा दोघा भावंडांना डोळ्यांनीच गप्प करायची. परीक्षेत कमी मार्क पडले तर ते सांगायची वेळ ठरवावी लागायची, कारण ते ऐकून बाबांच्या पोटात जखम होईल. मी आणि माझा धाकटा भाऊ हे खरोखर मानत होतो. एकदा मी उलट बोलले, आणि त्या रात्री बाबा मूठ दाबून बसलेले दिसले, तेव्हा पांघरुणात तोंड घालून किती रडले होते ते आजही आठवतं.

ऑपरेशनमध्ये वाहणारी रक्तवाहिनी शिवली, जठराकडे आम्ल तयार करण्याचा निरोप नेणारी व्हेगस नस कापली आणि जठराचं खालचं दार रुंद केलं. त्या काळच्या शस्त्रक्रियेत हेच चांगलं मानलं जाई आणि त्याने बाबांचा जीव वाचला, हे मी कृतज्ञतेने लिहिते. पण नंतर जेवण झालं की अर्ध्या तासात त्यांना घाम सुटायचा, छाती धडधडायची, आडवं व्हावं लागायचं. दार रुंद झाल्यामुळे अन्न एकदम आतड्यात ओतलं जायचं. उरलेली सगळी वर्षं ते थोडं थोडं, घाबरत जेवले.

बाबांचे टाके पडले त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये, बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर रॉबिन वॉरेन यांच्यासोबत काम करू लागला. वॉरेन पॅथॉलॉजिस्ट होते. जठराच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे त्यांचं रोजचं काम. १९७९ साली त्यांना सुजलेल्या अस्तरावर वळणदार जिवाणूंची रांग दिसली होती. चांदीच्या क्षाराचा एक रंग दिला की ते काळे, ठळक उठून दिसत. जठरात जिवाणू राहूच शकत नाहीत, तिथलं आम्ल त्यांना मारतं, असं प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेलं असे. त्यामागे पुरावाही होता. १९५४ साली एडी पामर या अमेरिकन डॉक्टरने एक हजाराहून जास्त जठरांचे तुकडे तपासून तिथे जिवाणू नसतात असं लिहिलं. त्याने वापरलेल्या नेहमीच्या रंगात ते जिवाणू नीट दिसत नाहीत. त्यानंतर जवळपास पंचवीस वर्षं फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही.

त्याच मधल्या काळात ग्रीसमध्ये मेसोलोंगी गावी जॉन लिकुडिस नावाचा डॉक्टर अल्सरच्या रुग्णांना अँटिबायोटिक देत होता. १९५८ सालापासून. रुग्ण बरे होत होते. वैद्यकीय मासिकांनी त्याचं लिखाण छापलं नाही, उलट त्यालाच ४००० ड्राक्मांचा दंड झाला. त्याचा मृत्यू १९८० साली झाला, म्हणजे बाबांच्या ऑपरेशनच्या आदल्या वर्षी. हे वाचल्यावर मी बराच वेळ काही करू शकले नाही. आम्ल, चिंता, स्वभाव अशी कारणं इतकी हाताशी होती, की त्यांच्यापलीकडे कोण पाहणार?

मार्शल आणि वॉरेन यांनी शंभर रुग्णांचे तुकडे घेतले आणि त्यांतून जिवाणू वाढवायचा प्रयत्न केला. एकामागून एक प्रयोग फसले. दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्रयोगशाळेत त्या काचेच्या बशा टाकून देत. एप्रिल १९८२ मध्ये इस्टरची सुट्टी आली, बशा चार-पाच दिवस तशाच राहिल्या, आणि त्यांत वसाहती उगवल्या. हा जिवाणू मुळात सावकाश वाढतो, त्याला दोन दिवस पुरतच नाहीत. त्या अभ्यासात ड्युओडेनल अल्सर असलेल्या तेराच्या तेरा रुग्णांत तो सापडला. तरीही कुणी मानेना, तेव्हा १९८४ साली मार्शलने वाढवलेला जिवाणू स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांतच उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी सुरू झाली, आणि दुर्बीण घालून घेतलेल्या तुकड्यात सूज आणि जिवाणू दोन्ही दिसले. १९८९ साली जिवाणूचं नाव ठरलं हेलिकोबॅक्टर पायलोरी. पायलोरस म्हणजे जठराचं खालचं दार, ग्रीक भाषेत द्वारपाल. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी अल्सरच्या रुग्णांना हा जिवाणू मारणारा उपचार द्यावा असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

बाबा १९९२ साली हृदयविकाराने गेले. आपल्या पोटात काय होतं हे त्यांना कळलं नाही. ते डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन वारंवार घ्यायचे, तीही एक गोष्ट होती. अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतंत्रपणेही अल्सर करतात, आणि जिवाणूच्या जोडीला आल्या की रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. आमच्या घरात त्या गोळ्यांबद्दल कधी कुणी विचारलं नाही. विचारायचं होतं ते रागाबद्दल.

माझी गोष्ट कळ येऊन सुरू झाली नाही. मला थकवा यायचा. दोन जिने चढले की कानात ठोके ऐकू यायचे. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास घुटमळायचं, लोहाच्या गोळ्या घेतल्या की थोडं वर यायचं आणि पुन्हा खाली. पाळी सुरू होती तोवर सगळ्यांकडे कारण तयार होतं. "बायकांचं चालायचंच" हे मी डॉक्टरांकडूनही ऐकलं आणि स्वतःलाही सांगितलं. पाळी थांबून दोन वर्षं झाली तरी हिमोग्लोबिन हलेना, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर करून विचारलं, "मग आता लोह जातंय कुठे?" इतका साधा प्रश्न कुणी आधी विचारला नव्हता. त्यांनी मला पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

दुर्बिणीच्या तपासणीत अस्तराचा तांदळाच्या दाण्याहूनही लहान तुकडा काढून एका पिवळ्या चकतीत ठेवला. डॉक्टरांनी ती चकती मला दाखवली. मी झोपेच्या औषधाच्या गुंगीतून नुकती बाहेर येत होते. पिवळ्या जेलमध्ये त्या तुकड्याभोवती गुलाबी वलय उमटत होतं, पाण्यात रंग सुटावा तसं, आणि पाहता पाहता ते पसरलं. "हा जिवाणूचा श्वास समजा," ते म्हणाले. काटेकोर अर्थाने तो श्वास नाही. जिवाणू युरियेझ नावाचं द्रव्य बनवतो. त्याने युरियाचं विघटन होऊन अमोनिया तयार होतो, अमोनियाने भोवतालचं आम्ल शमतं, आणि चकतीतला रंग बदलतो. पण मला ते श्वास म्हणूनच लक्षात राहिलं.

या जिवाणूबद्दल जितकं वाचलं, तितका राग कमी झाला आणि आदर वाटू लागला. भीतीही वाटते, आदरही. मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढा जीव, फिरकीसारखा पिळलेला, एका टोकाला चार-सहा शेपट्या. आम्लात पडला की फार वेळ जगत नाही. म्हणून अमोनियाचं कवच करून तो अस्तरावरच्या बुळबुळीत थरात शिरतो. तो थर आम्लात घट्ट जेलीसारखा असतो. अमोनियाने आम्लता उतरली की जेली सैल होते आणि जिवाणूला पोहत जायला वाट मिळते. खाली पेशींजवळ पोचला की तो तिथे राहतो, वर्षानुवर्षं. आपलं शरीर त्याच्यावर चाल करतं, पांढऱ्या पेशी धाडतं, पण त्याला हुसकावू शकत नाही. त्या न संपणाऱ्या झटापटीचं नाव जठराची सूज. काही जातींकडे सुईसारखी नळी असते, तिच्यातून ते आपलं एक प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतात. माणूस जवळपास साठ हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा हा त्याच्या पोटात होता, इतका की त्याच्या जनुकांतल्या फरकांवरून माणसांची स्थलांतरं शोधता येतात.

जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना कधी काही होत नाही. दहा-वीस टक्क्यांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो, एक-दोन टक्क्यांना जठराचा कर्करोग. पोटदुखीच्या प्रत्येक माणसाचं दुखणं यानेच आलेलं असतं असंही नाही. जिवाणू गेला तरी अपचन, जळजळ राहणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना आधी हे सांगायला हवं, नाहीतर उपचार फसला असं त्यांना वाटतं. पण ज्यांना होतं त्यांना काय होतं, हे मी पाहिलेलं आहे. रक्तस्राव हे एक. दुसरं, अल्सरने भिंतच भेदणं. तेव्हा पोट लाकडाच्या फळीसारखं कडक होतं आणि तासांच्या हिशेबाने ऑपरेशन करावं लागतं. तिसरं, जुने व्रण भरून येताना जठराचं दार आवळतं आणि अन्न पुढे सरकत नाही. आणि माझ्यासारख्यांच्या बाबतीत सगळं मुकाट्याने चालतं. सुजलेलं अस्तर झिजत जातं, आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह नीट शोषलं जात नाही, कधी बी-१२ कमी पडतं.

माझ्या तुकड्यांच्या रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ होती. दोन ठिकाणी जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी उगवल्या होत्या. सूज, झीज, पेशींचा हा बदल, मग बिघडलेल्या पेशी आणि शेवटी कर्करोग, अशी पायऱ्यांची एक लांब रांग पेलायो कोरिया या शास्त्रज्ञाने दाखवून दिली आहे. दशकं लागतात, आणि मधल्या पायरीवरून बहुतेक लोक कधीच पुढे जात नाहीत. डॉक्टरांनी हे नीट समजावलं आणि म्हणाले, "जिवाणू काढायचा, आणि दर तीन वर्षांनी आत डोकावायचं." काढायचा हा शब्द त्यांनी किती सहज वापरला होता!

पहिल्या वेळी तो निघाला नाही. चौदा दिवसांचा कोर्स होता, आम्ल कमी करणारी एक गोळी आणि क्लॅरिथ्रोमायसिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन अशी दोन अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवसापासून तोंडाला अशी कडवट, लोखंडी चव आली की पाण्याचा घोटही नको वाटे. पोट ढवळायचं. आठव्या दिवशी मात्र पोट हलकं वाटलं. नवव्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. बरं वाटतंय, मग कशाला? असं मला वाटलं होतं. उपचार संपल्यावर पुन्हा तपासणी करायची असते हे त्या वेळी मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वर्षभरात हिमोग्लोबिन पुन्हा खाली आलं. या वेळी मी डॉक्टर बदलले होते. चकतीत पुन्हा तेच गुलाबी वलय उमटलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. "किती दिवस घेतल्या?" खरं सांगताना मान वर करवली नाही. दुसरा प्रश्न मला अनपेक्षित होता. "गेल्या काही वर्षांत सर्दी-खोकल्याला, घशाला तीन दिवसांची अँटिबायोटिकची गोळी घेतली होती का?" घेतली होती. कितीदा ते आठवेना. अझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकाच कुळातली. घशासाठी घेतलेली गोळी पोटातल्या जिवाणूलाही भेटते. त्याला मारायला ती पुरत नाही, पण त्याच्यातले जे योगायोगाने टिकतात ते वाढतात. त्यांच्या प्रथिन बनवायच्या यंत्रात जनुकाचं एक अक्षर बदललेलं असतं, आणि तेवढ्याने क्लॅरिथ्रोमायसिनला तिथे पकडच मिळत नाही. म्हणजे मी पहिला कोर्स पूर्ण केला असता तरी तो यशस्वी झाला असता याची खात्री नव्हती. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जिवाणूंची यादी केली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा हा जिवाणू त्यात वरून दुसऱ्या गटात होता.

मी विचारलं, साध्या जखमेतला जिवाणू पाच दिवसांत जातो, मग याला एवढं का लागतं? त्यांनी कागद उलटा करून चित्र काढलं. औषध आम्लात टिकायला हवं. मग त्या चिकट थरात शिरायला हवं, तळाशी. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखं औषध दुभंगत असलेल्या जिवाणूलाच मारतं, आणि आम्ल जास्त असताना हा जिवाणू दुभंगायचं थांबवून पडून राहतो. म्हणून आम्ल कमी करणारी गोळी इथे पोटाला आराम म्हणून दिलेली नसते. ती जिवाणूला जागं करते, वाढायला लावते, म्हणजे दुसरं औषध त्याला गाठू शकेल. त्यातही काही माणसांचं यकृत ही गोळी इतक्या झपाट्याने संपवतं की आम्ल पुरेसं उतरतच नाही. शिवाय अडचणीत सापडला की जिवाणू पीळ सोडून गोलसर होतो आणि गप्प बसतो. आणि प्रत्येक फसलेल्या कोर्सनंतर उरतो तो आधीपेक्षा चिवट असतो. "म्हणून पहिला डाव सगळ्यात महत्त्वाचा," ते म्हणाले, आणि लगेच थांबून, माझा चेहरा पाहून, "दुसराही तितकाच जपून खेळू."

दुसऱ्या डावात चार औषधं होती: आम्लाची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. दिवसाला डझनाहून जास्त गोळ्या, चौदा दिवस. टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जिवाणू अजून कमी आढळतात. मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे पुष्कळ आहेत, पण बिस्मथच्या जोडीने आणि पुऱ्या मात्रेत, पुरे दिवस दिलं तर त्यांच्यावरही बऱ्याचदा मात करता येते. लोहाची गोळी दोन आठवडे बंद, कारण लोह टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं आणि दोन्ही वाया जातात.

मी एका वहीच्या पानावर चौदा ओळी आखल्या. प्रत्येक ओळीत पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चौकोन. गोळी गिळली की लगेच फुली, आधी नाही आणि नंतर आठवून नाही. सहाव्या दिवशी इतकी मळमळ झाली की दुपारची फुली मारताना हात टेबलावर टेकून उभी होते. दहाव्या दिवशी रडू आलं, कारण काही नाही, फक्त तोंडाची चव. तेराव्या दिवशी वहीचं पान वरच्या कोपऱ्यात घामाने मऊ पडलं होतं. ते पान मी जपून ठेवलं आहे. त्यात एकही चौकोन रिकामा नाही.

मग वाट पाहणं. अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवडे, आणि तपासणीआधी दोन आठवडे आम्लाची गोळीसुद्धा नाही. नाहीतर जिवाणू दबून राहतात आणि तपासणीत नाहीत असं खोटंच दिसतं. गोळी थांबताच आम्ल उसळलं, रात्री छातीत जाळ. हे जिवाणू परत आल्याचं लक्षण आहे का? या एका प्रश्नाने मी ते दोन आठवडे काढले. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी इथे उपयोगाची नसते, जिवाणू गेल्यावरही ती कितीतरी महिने होकार देत राहते. श्वासाची तपासणी करायची होती. एका पिशवीत आधी फुंकलं. मग युरियाचं पाणी प्याले. त्यातला कार्बन नेहमीपेक्षा किंचित जड असतो, किरणोत्सारी नसतो. अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकलं. पोटात जिवाणू असेल तर तो युरिया फोडतो आणि तो जड कार्बन रक्तातून फुप्फुसात, श्वासात येतो. दुसऱ्या पिशवीत तो नव्हता. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन बारावर गेलं आणि तिथेच राहिलं.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून मी भावाला तपासून घ्यायला सांगितलं. "ताई, मला काही होत नाही," तो म्हणाला. मलाही पोटात काही होत नव्हतं, हे त्याला पटेना.

मग एका दुपारी मी आईला सगळं सांगितलं. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. पर्थ, इस्टर, बशा, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे यांच्या रागाचं काही नव्हतं?"

मी म्हटलं, ताणाने कळ वाढत असेल, पण जखम जिवाणूने केली असणार. गोळ्यांनीही असेल. तेव्हा तपासायची सोयच नव्हती.

"आणि माझ्या बोलण्याचं?"

मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. बराच वेळ ती खिडकीकडे पाहत राहिली. "फाटक वाजलं की तुम्हाला गप्प करायचे मी," ती म्हणाली. "कितीतरी वर्षं. तुम्ही कधी त्यांच्याशी मोकळं बोललाच नाहीत." मग फोन उचलून तिने स्वतः भावाला लावला. "तपासून घे," एवढंच बोलली आणि ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी त्याचा मेसेज आला. "ताई, आहे." थोड्या वेळाने दुसरा, "डॉक्टरांनी चौदा दिवस सांगितलेत. त्या काळ्या गोळ्यांसकट."

मी वही काढली. नवं पान घेऊन चौदा ओळी आखल्या, चौकोन पाडले, ते रिकामंच ठेवून फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं: चौथ्या दिवशी जीभ काळी होईल, घाबरू नकोस. चिकट काही दिसलं किंवा चक्कर आली तर थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना फोन कर. नवव्या दिवशी मला फोन कर.